दाव्याबाहेरची जागा

आमच्या ह्यांना म्हातारपणी निवांत जागा हवी होती. माणसाने उतारवयात काय मागावं याला काही कायदा नाही, पण उभी हयात वऱ्हाडात दिवाणी वकिली करायची आणि मग निवांत जागा मागायची, म्हणजे मिरच्यांच्या दुकानात बसून डोळ्यांना पाणी का येतं असं विचारण्यातला प्रकार. मी तसं तोंडावर म्हटलंही. हे म्हणजे मोरोपंत, अकोल्याचे वकील. आणि मी सरोजिनी, दर्यापूरच्या मास्तरांची मुलगी. अकोल्यात राहून आणि ह्यांचं ऐकून ऐकून माझी भाषा बरीच सरळ झाली, पण रागावले की दर्यापूरचं बोलणं वर येतं. आधीच सांगून ठेवते, कारण या सगळ्या भानगडीत मी बऱ्याचदा रागावलेली होते.

१९५८ सालचा हिवाळा होता. ह्यांनी वकिली थांबवली होती. आमचं अकोल्याचं घर भाड्याचं, आणि मालकाच्या मुलाचं लग्न ठरलेलं, त्यामुळे होळीपर्यंत घर रिकामं करून द्यायचं होतं. आमचा वसंता पुण्यात सरकारी नोकरीत. त्याने बिचाऱ्याने गॅलरी बंद करून घेऊन आमच्यासाठी खोली केली होती. ह्यांना तिकडे जायचं होतं. मला जायचं नव्हतं. साफ नव्हतं. पुण्यात मी कोणाशी बोलणार, आणि बोलले तर ते माझ्या बोलण्याला हसणार, हे मी वसंताच्या लग्नात चांगलं पाहून घेतलं होतं.

ह्यांचं म्हणणं वेगळंच. एक दिवस जेवताना म्हणाले, "सरोज, या दोन जिल्ह्यांत असं गाव नाही जिथे मी कोणाला तरी हरवलेलं नाही. रस्त्यात कोणी नमस्कार केला तर आधी आठवावं लागतं, हा आपला होता की समोरचा. मला आता असं जगायचं नाही. पुण्यात मला कोणी ओळखत नाही, तेच बरं."

मी म्हटलं, "सगळं वऱ्हाड काय तुमच्या कोर्टात येऊन गेलं का?"

"जवळजवळ," हे म्हणाले.

त्यावरून वाद झाला. वाद म्हणजे मी बोलले आणि हे वरण कालवत बसले. शेवटी वकिलासारखीच तडजोड काढली. होळीपर्यंत गाडीतून हिंडायचं. जागा मी निवडायच्या, मुक्काम करायचे. जिथे ह्यांचा एकही दावा झालेला नाही आणि जिथून ह्यांना उठावंसं वाटत नाही, अशी एक जागा मी दाखवायची. सापडली तर त्या बाजूला घर पाहून वऱ्हाडातच राहायचं. नाही सापडली तर पुणं, आणि मग मी तोंड पाडून बसायचं नाही. मी कबूल झाले. दुसरा इलाज काय होता?

गाडीचं सांगते. लढाई संपल्यावर मिलिटरीच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या, त्यातली एक अँब्युलन्स बडनेऱ्याच्या एका ठेकेदाराकडे पडून होती. ती ह्यांनी घेतली. आजारी माणसं निजवायच्या दोन फळ्या आत होत्या, त्यांवर आमच्या गाद्या बसल्या. एका बाजूला स्टोव्ह, डबे, पाण्याची टाकी. खिडक्यांना मी जुन्या लुगड्याचे पडदे केले. लाल क्रॉस पुसायचा राहिला होता, म्हणून पहिल्या आठवड्यात वाटेत बायका लेकरं दाखवायला यायच्या आणि मी त्यांना सुंठ-गूळ द्यायची. मग शेषरावने रंग आणून तो पुसला.

शेषराव म्हणजे गाडी चालवणारा. लढाईत ब्रह्मदेशापर्यंत ट्रक हाकलेला, आता अकोल्यात मोटारी दुरुस्त करायचा. सव्वा वर्षापूर्वी नागपूरला जाऊन त्याने दीक्षा घेतली होती. बोलायला कमी, पण एकदा बोलला की त्यात फेरफार नाही. निघायच्या दिवशीच मला म्हणाला, "बाई, एक सांगतो. जागा साहेबाले पसंत पडो का तुमाले. ज्या विहिरीवर मले पानी भरू देनार नाही, तिथी गाडी लावनार नाही." मी म्हटलं, बरं. तेव्हा मला ते सोपं वाटलं होतं.

माझी स्वतःची परीक्षा निराळी होती. आमचा हा मुलूख पूर्णेच्या काठचा, खारं पाणी. विहीर खणली तर पाणी लागतं, पण तोंडात धरवत नाही, आणि त्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. रॉकेल संपतं, डाळ टणक ती टणकच. म्हणून कुठेही गाडी थांबली की मी आधी मूठभर डाळ चढवायची. शिजली तर जागा पास.

म्हणजे तिघांच्या तीन तऱ्हा. ह्यांना दावा नको, शेषरावला विहिरीवर मज्जाव नको, मला खारं पाणी नको. मोकळी जमीन तर क्षितिजापर्यंत पडलेली, आणि आम्हाला एक गाडी लावायला जागा मिळेना.

पहिला मुक्काम दर्यापूरच्या वाटेवर, एका आमराईत. अहाहा, काय सावली होती. डाळ पहिल्या वाफेला शिजली. शेषरावने पाणी भरलं, कोणी काही म्हटलं नाही. मी मनात म्हटलं, जिंकले. तेवढ्यात धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, एक म्हातारा काठी टेकत आला, ह्यांना पाहून थबकला, दोन्ही हात जोडून म्हणाला, "वकीलसाहेब, वळखलं का?" हे म्हणाले, "हो, हो." तो गेल्यावर हे गाडीत जाऊन बसले. मी विचारलं, आपला होता की समोरचा? "तेच आठवत नाही," हे म्हणाले. आणि आठवेना म्हणून रात्रभर कूस बदलत राहिले. सकाळी निघालो.

पुढे नदीच्या थडीवर थांबलो. डाळ शिजली नाही. तिथून पुढे एका देवळाजवळ छान दगडी विहीर, पायऱ्या बांधलेल्या. पाणी गोड. गावही असं की ह्यांनी बराच वेळ डोळे मिटून आठवलं आणि म्हणाले, "नाही, इथला कोणी नाही." मी आनंदाने पदर खोचला. शेषराव बादली घेऊन गेला आणि रिकामी घेऊन परत आला. इंजिनाचं झाकण उघडून उभा राहिला. देवळाचा पुजारी मागोमाग आला आणि मला म्हणाला, "तुम्ही घ्या ना बाई, तुमच्यासाठी कोण नाही म्हणतं?" मला इतका राग आला, आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा तो शेषरावचाच आला. एवढी हातात आलेली जागा. एका बादलीसाठी. मी गाडीत चढले, स्टोव्हजवळ बसले, आणि मग मला माझीच लाज वाटली. मी म्हटलं, "चाल शेषराव, कायचं पानी आन् कायचं काय." शेषरावने झाकण बंद केलं आणि गाडी काढली.

असा पौष गेला. कुठे डाळ आडवी आली, कुठे विहीर, आणि बाकी सगळीकडे ह्यांचे दावे. मला तोवर कळून चुकलं होतं की हे नवऱ्याचं डोकं नाही, दप्तर आहे. बाभळीचं बन दिसलं की हे म्हणायचे, "वाटणीचा दावा, अपिलापर्यंत गेला." सुंदर तळं दिसलं की, "पाटाच्या हक्काचा." मी म्हटलं, "अहो, जमीन दिसते का तुम्हाला कुठे? नुसती जमीन?" हे म्हणाले, "मी कधी पाहिली कुठे? माझ्याकडे ती कागदावरच यायची." एकदा वैतागून म्हणाले, धारणीकडे मेळघाटात जाऊ, तिथल्या एकाही पक्षकाराला मी परवडलो नव्हतो. शेषराव म्हणाला, त्या रस्त्यावर गाडीचे तुकडे गोळा करत यावं लागेल. ते राहिलं.

मग ते टेकाड दिसलं. टेकाड म्हणायचं ते आमच्या सपाट मुलखात. बाहेरच्या माणसाला उंचवटा दिसेल. चहूकडे काळी जमीन, ज्वारी उभी, आणि मध्ये पांढऱ्या मातीचं एक उंच ठिकाण, वर दोन कडुनिंब. गाव नाही, घर नाही. वर गेलो तर जुन्या ओट्यांचे दगड, फुटकी जाती, खापरं. कधीतरी इथे गाव होतं आणि उठून गेलं होतं. अशा ओसाड जागेला आमच्याकडे रीठ म्हणतात. खाली लगतच एका वावरात विहीर, इंजिन बसवलेलं, आणि मळ्यात हरभरा, वांगी, मेथी.

हे खाली उतरले, कमरेवर हात ठेवून चहूकडे पाहिलं. मी वाटच पाहत होते की आता कुठला दावा काढतात. हे म्हणाले, "इथे कोणी राहतच नाही."

"नाही."

"म्हणजे हरलेलाही कोणी नाही."

आणि माझा नवरा हसला. कितीतरी दिवसांनी. एका ओट्याच्या दगडावर बसला, शाल गुंडाळली, कानटोपी ओढली आणि ऊन खात बसला. मला तर वाटलं, आता ह्यांना हलवू नये.

शेषराव विहिरीवर गेला तेव्हा मळ्यात एक बाई मेथी खुडत होती. त्याने सवयीप्रमाणे आधीच सांगितलं, "मावशी, मी बौद्ध हाय. पानी घेऊ का?" ती म्हणाली, "म्या इचारलं का तुले? घे ना." म्हणजे तेही निभावलं. मी त्या ओट्यांपैकी सगळ्यात सपाट दगड पाहिला, त्यावर तीन धोंडे मांडून चूल केली, वाळक्या काटक्या भरपूर होत्या. डाळ शिजली. अशी शिजली की घोटावी लागली नाही.

आम्ही तिथे राहिलो. दिवस गेले, आणि हे एकदाही म्हणाले नाहीत की निघू. सकाळी उठून टेकाडाला फेऱ्या घालायचे. फुटक्या जात्याची पाळी शोधून आणली, दुसऱ्या पाळीशी जुळते का पाहत बसले. दुपारी मला म्हणाले, "इथून सूर्य बुडताना पूर्ण दिसतो गं." अहो, साठी उलटल्यावर माणसाला सूर्य दिसला. मी हसले, पण मला भरून आलं होतं. मी मनात घर लावायला लागले होते. दर्यापुरात दोन खोल्या घेऊ, आणि हिवाळ्यात इथे येऊन राहू. वसंताला उन्हाळ्यात बोलावू. पुणं माझ्या मनातून पार उतरलं होतं.

माघ लागला, ज्वारी हुरड्यावर आली. एका सकाळी ती मेथीवाली बाई आणि तिचा नवरा टेकाड चढून आले. तिच्या हातात टोपली, त्याच्या हातात कणसं आणि मातीची पणती. ती दुर्गाबाई, तो देवराव, खालचं वावर आणि विहीर त्यांचीच. राहायला पलीकडच्या गावात. चांगलं खाऊनपिऊन सुखी घर, अंगावरून दिसत होतं. दुर्गाबाई माझ्या चुलीकडे पाहून थांबली. मी म्हटलं, "काय झालं वं बाई?"

"काही नाही. आमच्या घरात चूल पेटवली तुमी."

मला कळेना. देवरावने सांगितलं. गाव उठलं ते त्याच्या आजाच्या वेळी, पटकीच्या साथीत. ज्या दगडावर मी चूल मांडली होती तो त्यांच्या जुन्या घराचा ओटा. दर वर्षी हुरड्याची पहिली कणसं इथे आणून भाजायची, या ओट्यावर ठेवायची, दिवा लावायचा, मग बाकीच्यांनी खायचं. त्यांच्या घरची रीतच होती. मी जीभ चावली आणि चूल काढायला धावले. दुर्गाबाई म्हणाली, "राहू द्या. लय वर्सांनी पेटली. बरं दिसून राहिलं."

तिथेच कणसं भाजली. ओट्यावर पळसाच्या पानावर दाणे ठेवले, पणती लावली. आम्हाला बसवलं, गूळ दिला, तिखट दिलं. मोठा सुरेख वेळ चालला होता. हे कानटोपीतून डोकावत हुरडा खात होते. म्हणाले, "देवराव, ही जागा तुमचीच म्हणायची मग?"

"व्हती," देवराव म्हणाला. "आता नाही. दाव्यात गेली."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे अजून दाणे चोळत होते.

"माह्या बापानं, महादेवरावानं, लय भांडली. देशमुखायनं दावा टाकला व्हता, का तीन बाजूचं सारं आमचं, तं हे टेकाड बी आमचंच. बाप म्हने, आमी दर साली इथी दिवा लावतो, आमचा ताबा हाय. तं देशमुखायचा वकील अकोल्याचा. लंबा काळा कोट, ही मोठी मिशी. तो उठला आन् काय म्हने, 'वर्षातून एकदा दिवा लावून जमीन आपली होत असती, तर स्मशानं सगळी लोकांच्या नावावर झाली असती.' सारं कोर्ट हासलं. मी बापाजवळ बसून व्हतो, जवान व्हतो. बाप बी हासला थोडा, का हासा लागते म्हनून."

देवराव तसा मजेत सांगत होता. राग नव्हता आवाजात, किंवा जुना होऊन मऊ झालेला होता. पण माझ्या हातातला घास हातातच राहिला. ते वाक्य मला पाठ होतं. त्या संध्याकाळी हे कोर्टातून आले आणि पाटावर बसल्या बसल्या त्यांनी ते मला ऐकवलं होतं, आणि पुढे कितीतरी पाहुण्यांना ऐकवलं. मीही हसले होते. कुठली जमीन, कोणाचा दिवा, कोणी विचारलंय.

ह्यांनी हातातले दाणे हळूच पानावर ठेवले. मला वाटलं, गप्प बसा. देवा, ह्यांना आज गप्प बसव. त्याने ओळखलेलं नाही, मिशी गेली, कोट गेला, कानटोपी आहे. गप्प बसले तर होळीपर्यंत काही होत नाही. इतकं मला वाटलं, आणि त्यात मला काही गैर वाटलं नाही.

ह्यांनी कानटोपी काढली. म्हणाले, "तो वकील मी."

देवरावने ह्यांच्याकडे पाहिलं. दुर्गाबाई पदराने टोपली झाकत होती, ती तशीच थांबली. मग देवराव म्हणाला, "आमच्या वकिलानं अर्ज केला व्हता, का कोर्टानं एक डाव येऊन जागा पाहावं. तुमी म्हतलं, पाह्यासारखं काय हाय तिथी?"

"म्हणालो होतो."

"पाह्यली व्हती का तुमी?"

"नाही. आता पाहिली. ही तीच, हे आता तुम्ही सांगितल्यावर कळलं."

देवरावने पणतीची वात सारली. हे म्हणाले, "देवराव, तुम्ही म्हणत असाल तर आत्ता गाडी हलवतो. राहू म्हणालात तर राहतो. तुम्ही सांगाल तसं."

"मी कोन सांगनारा?" देवराव उठला, धोतराची माती झटकली. "जागा माही हाय का? तुमीच तं काढली. देशमुखाचे पोरं नागपूरले राह्यते, त्यायले हे टेकाड कुठी हाय हे बी माईत नसन. त्यायले इचारा." आणि तो उतरून गेला. दुर्गाबाईने हुरड्याचं पान आमच्यापुढे तसंच ठेवलं आणि त्याच्यामागून गेली. पणती ओट्यावर जळत होती.

त्या संध्याकाळी ह्यांनी सूर्यही पाहिला नाही. दिवेलागणीला मला म्हणाले, "उद्या सकाळी निघू. अकोल्याला सामान बांधू आणि वसंताकडे जाऊ. सरोज, तू प्रयत्न केलास. पण जागा नाही. एकही नाही."

आणि मग माझा तोल गेला. मी म्हटलं, "मी येत नाही."

"ठरलं होतं आपलं."

"ठरलं व्हतं तं ठरलं व्हतं. मले नाही यायचं." शेषराव चाकाशी काही करत होता, तो उठून लांब गेला. "तुमी अख्खी जिंदगी लोकायच्या जमिनी कागदावर पाह्यल्या. एक जागा पह्यल्यांदा डोळ्यानं पाह्यली, पसंत पडली, आन् ती बी सोडून पळून राहिले. कावून? त्यानं काय जा म्हतलं का?"

"राहा पण नाही म्हणाला. म्हणू शकत नाही, ऐकलंस ना? तो हक्क मीच काढून घेतला त्याचा."

"मंग दुसरं इचारा काही. तुमाले काय कोर्टात बोलाचंच माईत हाय? पुन्यात तुमाले कोनी वळखनार नाही, खरं हाय. मले तरी कोन वळखनार हाय? मी तिथी वसंताची आई म्हनून गॅलरीत बसून राहीन आन् मरून जाईन. हे माहं मुलूख हाय. तुमी इथल्या मानसाले हरवलं, तं त्यायच्यात राहून दाखवा ना. पुन्याले जाऊन काय फिटते?"

हे फळीवर बसले होते, मान खाली. मी भाकरी टाकल्या, कोणी खाल्ल्या नाहीत. मी भिंतीकडे तोंड करून निजले. मनात म्हटलं, झालं. हरलो आपण. आता ट्रंका भरायच्या.

सकाळी जाग आली तेव्हा ऊन वर आलं होतं आणि हे जागेवर नव्हते. शेषराव टाकी रिकामी करत होता, निघायची तयारी. मी बाहेर आले. खाली देवरावचं इंजिन फकफक करत होतं, तो पाटाला बारं द्यायला, वाफ्यांत पाणी वळवायला उभा होता. आणि धुऱ्यावर आमचे हे. वहाणा हातात घेतलेल्या. आत आले नव्हते, धुऱ्यावरच उभे होते. मी तशीच अनवाणी उतरून अर्ध्यावर गेले, ऐकू येईल इतकी.

देवरावने इंजिन बंद केलं.

हे म्हणाले, "देवराव, टेकाडाचं विचारत नाही. ते विचारायला मला तोंड नाही. पण हे वावर तुमचं आहे. यात दोन खोल्यांना जागा द्याल का मला? तुमच्या अटीवर. आम्ही दोघं राहू."

"घर?" देवराव म्हणाला. "तुमी? इथी?"

"हो."

"कायले?"

ह्यांनी हातातल्या वहाणा धुऱ्यावर ठेवल्या. मग म्हणाले, "बायकोला इथे राहायचं आहे. आणि मला तुम्हाला रोज दिसायचं आहे."

देवरावने पाटातून फावडं काढलं, चिखल झाडला, खांद्यावर घेतलं. मी आणखी दोन पावलं खाली उतरले. तो म्हणेल जा, आणि जायला सांगायचा त्याला पुरता हक्क होता.

"पह्यले पाहून घ्या," देवराव म्हणाला. "न पाहता मांगू नका." आणि तो पुढे चालू लागला.

हे धुऱ्यावरून खाली उतरले आणि ओल्या मातीत पाय बुडवत त्याच्यामागे निघाले. देवराव जिथे थांबला तिथे हे थांबले. तो हाताने काही दाखवत होता, ही हद्द, हा पावसाळ्यात पाणी साचून चिबडणारा कोपरा, आणि हे मान हलवत पाहत होते. मला रडू आलं आणि मी ते थांबवलं नाही.

मागून शेषराव आला. म्हणाला, "बाई, टाकी रिकामी केली. सामान चढवू का? साहेब कुठी गेले?"

मी डोळे पुसले. म्हटलं, "साहेब जागा पाहाले गेले. तू टाकी भर."